पिंडा : खडकावर उघडणारी पांढरी छत्री

(मुलांचे पान)



गेल्या भाद्रपदात आपल्या कारखान्याचे काही ऊस उत्पादक सभासद पुण्याजवळ मांजरीला, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणासाठी गेले होते. त्यांच्यासोबत मीही होतो. प्रशिक्षण संपल्यावर एक दिवस हाताशी होता. तेव्हा सर्वांनी मिळून साताऱ्याला जाऊन कासचे पठार पाहिले. तेथून मी घरी फोन करून धाकट्या मुलीला सांगितले की, येथे खडकावर पांढऱ्या छत्र्या उघडल्या आहेत.

दोन दिवसांनी नागपूरला प्रताप नगरात घरी पोहोचलो. पिशवीतून साताऱ्याचे कंदी पेढे निघाले. मुलीने पिशवी उलटी करून झटकली आणि म्हणाली, "बाबा, पेढे आणले. फूल काहून नाही आणलं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात देता येईना. दुसऱ्या दिवशी रविवार होता. गल्लीतली पोट्टी आमच्या गच्चीवर जमली होती. तेथे तिला आणि त्यांना जे सांगितले, तेच आज तुम्हां सर्वांना सांगतो. उत्तर शेवटी येईल. तोवर दम धरा, बरे का!

पिंडा कोठे भेटला

सातारा शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,२०० मीटर उंचीवर कासचे पठार आहे. सह्याद्रीचा हा सपाट माथा जांभ्या दगडाचा आहे. आपल्याकडे वावरात नांगर घातला की काळी माती वीतभर, हातभर निघते. तेथे मात्र कुठे चार बोटे माती, तर कुठे नुसताच दगड. उन्हाळ्यात हे पठार पाहाल तर म्हणाल, येथे काय उगवणार? पण मृगाचा पाऊस पडला की दगडाच्या फटीफटीतून हिरवे कोंब वर येतात आणि श्रावण-भाद्रपदात सगळे पठार रंगते. कुठे जांभळा रंग, कुठे पिवळा, कुठे गुलाबी. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासही आहे.

या रंगांच्या गर्दीत गुडघ्याएवढ्या दांड्यांवर पांढरे शुभ्र, पसरट झुबके डोलत होते. जवळ जाऊन पाहिले तर एकेक झुबका म्हणजे उघडलेली छत्रीच. आमच्यातले एक काका म्हणाले, "साहेब, हा तर आपला सांबार फुलल्यासारखा दिसते!"

काकांनी अगदी नेमके ओळखले होते. ते फूल पिंड्याचे होते, आणि पिंडा हा खरोखरच आपल्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, भाऊबंद आहे.

छत्रीची रचना

आमच्या गच्चीवर एका जुन्या टबात आईने पावसाळ्यात धने टाकले होते. सांबार खुडून खाल्ला, उरलेला ऊन लागताच भराभर उंच होऊन फुलावर आला. घरातली मोठी माणसे म्हणतात, "फुलावर आला, आता कामाचा नाही." पण आमच्या कामाला तो फुलावर आलेला सांबारच पाहिजे होता. पिंडा नाही तर नाही, त्याचा भाऊ तर घरी होता!

मुलांना एकेक फुलोरा हातात दिला आणि खालून पाहायला सांगितले. तुम्हीही पाहा. दांडीच्या टोकाला एकाच बिंदूतून चार-सहा काड्या बाहेर पडतात. छत्रीच्या काड्या मधल्या दांड्यापासून निघतात ना, तशाच. आता प्रत्येक काडीच्या टोकाकडे पाहा. तेथे पुन्हा एक छोटी छत्री आहे! तिच्याही काड्या एकाच बिंदूतून निघतात आणि त्या काड्यांच्या टोकाला एकेक इवले फूल असते. म्हणजे ही छत्र्यांची छत्री झाली. पिंड्याची रचनाही अशीच असते. फक्त त्याच्या काड्या अधिक आणि झुबका मोठा.

आता एक फूल घ्या. पाकळ्या मोजा, पाच. पुंकेसर मोजा, पाच. मधोमध दोन बारीक दोऱ्यांसारखे भाग दिसतील, ते मादीचे अवयव. आता गंमत पाहा. झुबक्याच्या मधल्या फुलांच्या पाकळ्या सारख्या आकाराच्या असतात. कडेच्या फुलांच्या मात्र बाहेरच्या बाजूच्या पाकळ्या मोठ्या असतात. आतल्या बाजूच्या पाकळ्या लहानच. असे का?

आमच्या शेजारचा एक मुलगा म्हणाला, "काका, दुकानाच्या बाहेर बोर्ड लावते तसं!" त्याने बरोबर सांगितले. एकटे फूल इतके लहान की उडणाऱ्या किड्याला ते दिसणार नाही. म्हणून कडेच्या फुलांनी आपल्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या केल्या आणि सर्वांनी मिळून एका मोठ्या फुलाचे सोंग घेतले. पिंड्यात तर या बाहेरच्या पाकळ्या अधिकच मोठ्या आणि मधोमध चिरलेल्या असतात. दुरून पाहिले की झुबक्याला पांढरी झालर लावल्यासारखी दिसते.

सहकाराचा धडा आपण सभेत ऐकतो. एकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना काढता येत नाही, हजारोंनी भाग घेतले की निघतो. या फुलांनीही नेमके तेच केले आहे.

हे कूळ कोणते

ज्या वनस्पतींच्या फुलांची आणि फळांची ठेवण सारखी, त्या एका कुळातल्या असे वनस्पतिशास्त्र मानते. या कुळाला मराठी पुस्तकांतून 'चामर कुल' असे नाव दिलेले आढळते. चामर म्हणजे देवावर ढाळायची चवरी. लॅटिनमध्ये छत्रीला 'अम्बेला' म्हणतात, म्हणून या कुळाचे जुने नाव 'अम्बेलिफेरी', म्हणजे छत्री धारण करणारे. जगभरात या कुळाच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. ते पाहताक्षणी ओळखू येते, म्हणून शास्त्रज्ञांचे लक्षही त्याच्याकडे लवकर गेले. रॉबर्ट मॉरिसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६७२ साली केवळ याच कुळावर एक ग्रंथ लिहिला.

आणि हे कूळ तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात केव्हाचेच येऊन बसले आहे! मसाल्याचा डबा उघडा. धने, जिरे, ओवा, बडीशेप, शहाजिरे ही सगळी याच घरातली. भाजीच्या टोपलीतला सांबार, शेपू आणि गाजर यांचेही कूळ हेच. हिंग हा तर याच कुळातल्या एका झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक आहे. हिंगाचे झाड इराण-अफगाणिस्तानच्या थंड, कोरड्या मुलखातले. आपल्या देशात त्याची लागवड २०२० साली हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात सुरू करण्यात आली.

पण डब्यातले सगळेच काही या कुळाचे नाही. मोहरी, मेथी, मिरे, लवंग ही वेगवेगळ्या घराण्यांची आहेत. मग ओळखायचे कसे? फळावरून.

एक धना घ्या. तुम्ही म्हणाल हे बी. पण तो खरे तर एक फळ आहे, आणि त्या फळात दोन भाग एकमेकांना चिकटून बसलेले असतात. प्रत्येक भागात एकेक बी. म्हणूनच तुमचे आजोबा धने तसेच पेरत नाहीत. आधी फरशीवर पसरून चपलेखाली हलके रगडतात, दोन डाळी वेगळ्या करतात आणि मग पेरतात. अख्खा धना पेरला तर उगवण उशिरा आणि कमी होते. आपल्या आजोबांनी वनस्पतिशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते, पण या कुळाच्या फळाचे दोन भाग होतात हे त्यांच्या चपलेला माहीत होते!

बडीशेपेचा दाणाही निरखून पाहा. त्यावर उभ्या शिरा दिसतात. त्या शिरांच्या मधे, सालीच्या आत, सुगंधी तेलाच्या अगदी बारीक नळ्या असतात. दाणा चुरडला की नळ्या फुटतात आणि वास सुटतो. पिंड्याचे फळही असेच दोन भागांचे असते. फक्त ते चपटे असून त्याच्या कडेला पातळ पंख असतो. पठारावर वारा भणाणतो, त्या वाऱ्याबरोबर जाण्यास चपटे फळ सोयीचे.

नावाने फसू नका

एका मुलीने विचारले, "काका, मग गाजर गवतही याच घरचं काय?"

छान शंका होती. गाजर गवताचे पान गाजराच्या पानासारखे कातरलेले दिसते, फुलेही पांढरी असतात. पण ते या कुळाचे मुळीच नाही. ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे आणि अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेले आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते दिसले आणि नंतर देशभर पसरले. त्याच्या फुलांच्या दांड्या एका बिंदूतून छत्रीसारख्या निघत नाहीत, मागेपुढे फुटतात. त्याच्या स्पर्शाने पुष्कळांच्या अंगाला खाज सुटते. तेव्हा नुसत्या पानावरून किंवा नावावरून कूळ ठरवू नये.

याहून मोठी सावधगिरी आणखी एक आहे. छत्री दिसली म्हणून कोणतेही रानझाड तोंडात घालू नका. या कुळात सांबार आहे, तसे विषही आहे. ग्रीस देशातला तत्त्ववेत्ता सॉक्रेटिस याला इ. स. पूर्व ३९९ मध्ये जो विषाचा पेला प्यावा लागला, तो हेमलॉकचा होता असे मानतात, आणि हेमलॉक हे याच कुळातले पांढऱ्या छत्रीचे झाड आहे. या कुळातल्या काही झाडांचा चीक अंगाला लागला आणि त्यावर ऊन पडले की कातडीला फोड येतात. म्हणून रानातले झाड डोळ्यांनी पाहावे, वहीत त्याचे चित्र काढावे आणि जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय चाखू नये.

नावाची गोष्ट

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात निकोल अलेक्झांडर डाल्झेल नावाचे एक स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी कोकण आणि सह्याद्रीतल्या अनेक वनस्पतींची शास्त्रीय वर्णने लिहिली. पिंड्याचे वर्णन त्यांनी १८५० साली प्रसिद्ध केले. त्या वेळी त्यांनी त्याला युरोप-आशियातल्या 'हेराक्लियम' या मोठ्या वंशात बसवले आणि कोकणावरून 'कोंकनेन्स' असे जातीचे नाव दिले.

पुढे शंभराहून अधिक वर्षे पिंडा दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून राहिला. १९८६ साली मुखर्जी आणि कॉन्स्टन्स या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची फुले-फळे पुन्हा तपासली. हे झाड हेराक्लियमपासून वेगळे आहे, तेव्हा त्याला स्वतःचे घर पाहिजे, असे त्यांनी ठरवले. त्या नव्या वंशाचे नाव काय ठेवले असेल? 'पिंडा'! आज जगातल्या कोणत्याही देशातल्या शास्त्रज्ञाला या फुलाविषयी लिहायचे असेल तर त्याला 'पिंडा कोंकनेन्सिस' असेच लिहावे लागते. आपल्या डोंगरातल्या माणसांच्या तोंडचा शब्द असा जगाच्या पुस्तकात गेला.

आणि हा पिंडा जगात दुसरीकडे कोठेच रानात उगवत नाही. सह्याद्री, म्हणजे पश्चिम घाट आणि त्याला लागून असलेला मुलूख, एवढेच त्याचे घर. अशा वनस्पतीला 'प्रदेशनिष्ठ' म्हणतात.

बारा महिन्यांचा हिशेब

मुलांनो, ऊस बारा-चौदा महिने हिरवा उभा असतो. पिंड्याला एवढी चैन परवडत नाही. त्याचा हिशेब चार महिन्यांचा. जमिनीखाली, खडकाच्या सांदीत त्याचे मूळ कंदासारखे फुगलेले असते. ती त्याची कोठी. पाऊस सुरू झाला की कोठीतला साठा वापरून तो भराभर पाने काढतो. पाने जमिनीलगत पसरतात. त्यांच्या मधून दांडी वर येते. आषाढापासून पुढे भाद्रपदापर्यंत फुले येतात, मग फळे धरतात. पाऊस सरून खडक तापू लागला की वरचे सारे वाळून जाते. पण आलेल्या चार महिन्यांत पानांनी उन्हाच्या साहाय्याने जे अन्न तयार केले, ते पुन्हा खाली कोठीत जमा झालेले असते. पुढचे आठ महिने पिंडा त्या कोठीवर झोपतो.

शेतकऱ्याच्या घरचा हिशेब याहून वेगळा नसतो. खरिपात आले ते कोठीत आणि कोठीतले पुढच्या पेरणीला. मधेच कोणी कोठी फोडली तर पुढच्या वर्षी वावरात काय टाकणार?

छत्रीखालचे पाहुणे

कासला मी एका पिंड्याजवळ थोडा वेळ उभा राहिलो. पाच-सात मिनिटांत त्यावर किती पाहुणे आले! माशा, मुंग्या, लहान भुंगेरे, गांधीलमाशीसारख्या बारीक माश्या. याचे कारण फुलाच्या ठेवणीत आहे. नळीसारख्या खोल फुलाचा मध तळाशी असतो, तो लांब सोंडेच्या फुलपाखरालाच पिता येतो. छत्रीच्या फुलात मात्र मध मधल्या बारीक गादीवर उघडाच पाझरतो. म्हणजे ही खानावळ दार नसलेली. ज्यांचे तोंड अगदी आखूड, तेही येथे जेवू शकतात.

आता सभासद बंधूंनीही इकडे लक्ष द्यावे, कारण येथे उसाचा संबंध येतो.

आपण खोडकीड आणि कांडी किडीसाठी उसात ट्रायकोकार्ड लावतो. त्या एका कार्डावर सुमारे वीस हजार अंडी असतात आणि त्यांतून ट्रायकोग्रामा नावाची चिमुकली माशी बाहेर पडते. ती टाचणीच्या डोक्याहूनही लहान असते. किडीच्या अंड्यात ती आपले अंडे घालते आणि कीड जन्मण्याआधीच संपते. पण मोठी माशी स्वतः काय खाते? ती अळी खात नाही, पान खात नाही. तिला गोड रस लागतो. म्हणून प्रयोगशाळेत तिला मधाचे पाणी देतात. वावरात हे मधाचे पाणी कोण देणार? धुऱ्यावरची फुले.

सिरफिड माशीचेही असेच. तिची अळी मावा खाते, पण मोठी माशी फुलांवरचा मध आणि परागकण खाऊन जगते. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता अनेक जिल्ह्यांत पसरला, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. त्या वेळी नुसत्या फवारणीने तो हटला नाही. डिफा, मायक्रोमस यांसारखे मित्रकीटक वाढवून वावरात सोडले, तेव्हा तो आटोक्यात आला. मित्रकीटक हे आपले बिनपगारी गडी आहेत. पण गड्याला भाकर तर द्यावी लागते!

येथे माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी सभासदांना सांगत असे, "धुरा साफ तर वावर साफ." स्वतःच्या शेतातही धुऱ्यावर आणि पाटाच्या कडेने तणनाशक मारून घेतले. धुरा बोडका झाला आणि मला समाधान वाटले. एक दिवस आई वावरात आली आणि म्हणाली, "पाटाजवळची बिराम्ही कुठं गेली रे?" पाटाच्या ओलाव्यात गोल पानांची, जमिनीवर सरपटणारी मंडूकपर्णी वाढत असे. आई तिलाच ब्राह्मी म्हणे. ब्राह्मी हे नाव आपल्याकडे दोन निरनिराळ्या वनस्पतींना देतात, त्यांतली ही गोल पानांची. तीही याच चामर कुळात धरली जाते. तिची फुले इतकी लहान आणि पानाआड लपलेली असतात की कोणाच्या लक्षातही येत नाहीत. मी ती पुसून टाकली होती आणि मला ते कळलेही नव्हते. आईने विचारले नसते तर आजही कळले नसते.

गाजर गवत काढलेच पाहिजे, आणि ते फुलावर येण्याआधी उपटले पाहिजे. यात शंका नाही. पण त्याच्या नावाने सगळा धुरा जाळून काढणे हा शहाणपणा नव्हे. जे काढायचे ते ओळखून काढावे, जे ठेवायचे ते ओळखून ठेवावे. आणि ओळखण्यासाठी आधी पाहिले पाहिजे. म्हणून तर हा लेख मुलांच्या पानावर लिहीत आहे. मोठ्यांपेक्षा तुमचे डोळे जमिनीच्या जवळ असतात.

फूल का आणले नाही

आता मुलीच्या प्रश्नाचे उत्तर.

पहिले कारण. कासला वनखाते आणि आसपासच्या गावांची समिती मिळून पठार सांभाळतात. आखून दिलेल्या वाटेनेच चालायचे, फूल तोडायचे नाही, असा तेथे नियम आहे. आपल्या वावरात कोणी येऊन कांडी मोडली तर आपल्याला चालत नाही. मग दुसऱ्याच्या गावात आपण तसे कसे वागावे?

दुसरे कारण. तोडलेले फूल नागपूरपर्यंत टिकले नसते. तोडलेल्या छत्रीत फळ धरत नाही, म्हणजे त्या छत्रीतली पुढच्या पिढीची सगळी बियाणे गेली. कासला माणसे हजारोंनी येतात. प्रत्येकाने एकच फूल नेतो म्हटले तर पठारावर काय उरेल, याचा त्रैराशिकाने हिशेब करा.

तिसरे कारण. आमच्यातले एक जण म्हणाले होते, "कंदच घेऊन जाऊ, कुंडीत लावू." पण कंद म्हणजे कोठी. ती खणली की झाड मुळासकट संपले. आणि येथे आणून ते जगणार कसे? नागपूरला वर्षाला सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो, कासला याच्या दुपटीहून अधिक. तेथे पावसाळाभर धुके असते, जांभ्या दगडावरून पाणी झरझर वाहून जाते. आपल्या काळ्या मातीत पाणी धरून राहते, कंद कुजून जाईल. त्यातून वाचलाच तर उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, मग गच्चीवरच्या कुंडीचे काय होणार? उसाचीही प्रत्येक जात प्रत्येक जमिनीत येत नाही, हे सभासदांना सांगण्यातच माझी अर्धी नोकरी गेली आहे. तेच फुलालाही लागू.

मुलीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे त्याला पाहायला आपल्यालाच जावं लागेल."

हो. काही फुले आपल्याकडे येत नाहीत, आपण त्यांच्याकडे जायचे असते. आणि आपण जाऊ तेव्हा ती तेथे असावीत, यासाठी आज त्यांना तेथेच राहू द्यायचे असते.

पण त्याचा भाऊ तर आपल्या हातात आहे! त्या रविवारी टबातला सांबार उपटायचा नाही, असे गच्चीवरच्या सभेत एकमताने ठरले. पुढच्या आठवड्यात त्यावर मधमाश्या आल्या, माशा आल्या. मुलांनी एक वही केली आणि रोज कोण कोण आले ते लिहून ठेवले. शेवटी धने पिकले, तेव्हा ते वाटून घेतले.

सभासद बंधूंनाही एक विनंती. उसाच्या सुरुवातीच्या महिन्यांत सरीच्या बगलेला तुम्ही सांबाराचे आंतरपीक घेता. काढणीच्या वेळी सगळाच उपटू नका. धुऱ्याच्या कडेची एक ओळ फुलू द्या. त्या उसात रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी मारू नका, त्याने सांबारही जातो. ट्रायकोकार्ड लावले असेल तेव्हा कीटकनाशकही फवारू नका. एका ओळीच्या सांबाराचे चार पैसे कमी येतील, पण बिनपगारी गड्यांची भाकर होईल आणि पुढच्या पेरणीचे धनेही घरचे मिळतील.

करून पाहा

१. वीस धने घ्या. दहा अख्खे पेरा, दहा रगडून दोन भाग करून पेरा. रोज पाणी द्या. कोणते आधी उगवले आणि किती उगवले, ते तारखेसह लिहा.

२. फुलावर आलेला सांबार, शेपू किंवा बडीशेप पाहा. मोठ्या छत्रीच्या काड्या किती? एका छोट्या छत्रीत फुले किती? दोन्हींचा गुणाकार करा. झुबक्यात साधारण किती फुले आहेत ते समजेल.

३. सांबाराच्या फुलोऱ्यातले एक कडेचे आणि एक मधले फूल कागदावर चिकटवा. पाकळ्यांतला फरक बाणाने दाखवा.

४. सकाळी दहा मिनिटे फुललेल्या सांबाराजवळ शांत बसा. किती प्रकारचे किडे आले ते मोजा. नावे माहीत नसतील तर चित्रे काढा. कोणाला मारू नका.

५. मोठ्या माणसाला सोबत घेऊन आपल्या धुऱ्यावर फिरा. गाजर गवत कोणते आणि दुसरी झाडे कोणती, ते वेगळे ओळखा. गाजर गवताला हात लावू नका, ते काढण्याचे काम मोठ्यांचे.

प्रश्न

१. कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या का असतात?
२. गाजर गवत चामर कुळातले नाही, हे कशावरून ओळखाल?
३. पिंड्याच्या कंदाला 'कोठी' का म्हटले आहे?
४. ट्रायकोग्रामा माशीला धुऱ्यावरची फुले कशासाठी लागतात?
५. तुमच्या स्वयंपाकघरातली या कुळाची नावे लिहा. त्यांतला कोणता पदार्थ मूळ आहे, कोणता पान, कोणता फळ आणि कोणता चीक?

उत्तरे लिहून गटाच्या कृषी सहायकाकडे किंवा कारखान्याच्या ऊस विकास विभागात आणून द्या. ज्यांची किड्यांची वही चांगली असेल, त्यांच्या वावरात मी स्वतः येईन आणि ती वही त्यांच्या वडिलांसमोर वाचेन. काय सांगावे, त्या वहीवरून मलाही काही नवे शिकायला मिळेल.

तुमचा,
ऊस विकास अधिकारी